सर्व्हर डाऊन... तोही वेळ पाळून!

‘सर्व्हर डाऊन आहे.’ बँकेत, रिझर्व्हेशनच्या खिडकीवर, आरटीओत, हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर, हे तीन शब्द ऐकले नाहीत असा माणूस शोधून सापडणार नाही. या तीन शब्दांपुढे वाद चालत नाही, वशिला चालत नाही. ऑफिसात मात्र या वाक्याला एक शेपूट असतं: ‘रीस्टार्ट केलाय, दहा मिनिटांत येईल.’ आणि खरंच येतो. आपण चहा मारून येतो, फाइल उघडते, विषय संपतो.

संपतो का? पुढच्या आठवड्यात तोच सर्व्हर, तोच मेसेज, तोच चहा. मग त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. रीस्टार्ट हा इलाज आहे की पेनकिलर, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण डोकं दुखायचं थांबलेलं असतं. आमच्या ऑफिसात तो प्रश्न एका माणसाने विचारला. त्याची नोकरी त्या प्रश्नावर टांगलेली होती, आणि त्याचं उत्तर सापडलं ते पोलादपूरच्या डोंगरात, कुडपण नावाच्या गावात, जिथे मोबाइलला रेंजसुद्धा नव्हती!

मंडे ब्लूज

गोष्ट २००८ ची. अंधेरीतलं आमचं ऑफिस, माणसं सव्वाशे. ड्रॉइंग्ज, कोटेशन्स, बिलं, प्रेझेंटेशन्स, सगळं एका फाइल सर्व्हरवर. फाइल सर्व्हर म्हणजे काय, तर ऑफिसचं सामाईक कपाट. तुमच्या पीसीवर जो ‘एस ड्राइव्ह’ किंवा ‘कॉमन फोल्डर’ दिसतो, तो प्रत्यक्षात एसीच्या खोलीतल्या एका मशीनवर असतो. ते मशीन रुसलं की सव्वाशे जण एका क्षणात बेकार.

४ फेब्रुवारीच्या सोमवारी ते पहिल्यांदा रुसलं. फाइल उघडायला गेलं की मेसेज यायचा, ‘सर्व्हरवर पुरेसं स्टोरेज नाही’. स्टोरेज म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हार्ड डिस्क आली आणि सगळ्यांनी वळून डिझाइनच्या पोरांकडे पाहिलं. त्यांनी गाणी आणि सिनेमे साठवलेत म्हणून! बिचाऱ्यांनी अख्खं म्युझिक कलेक्शन उडवलं. डिस्क आधीच चाळीस टक्के रिकामी होती. ती पन्नास टक्के झाली.

११ तारखेच्या सोमवारी पुन्हा तेच. १८ च्या सोमवारीही. आता थिअरी ठरली: सोमवारी सगळे एकदम कामाला लागतात, लोड येतो, सर्व्हर दमतो. लॉजिकल वाटतं ना? आमच्या मॅनेजमेंटलाही वाटलं. दमलेल्या सर्व्हरला टॉनिक म्हणून रॅम वाढवायचं ठरलं. गुरुवारी, २१ तारखेला, मशीन बंद करून दोनाची चार जीबी रॅम झाली. आणि २५ तारखेचा सोमवार सुखरूप गेला! ऑफिसतर्फे वडापाव आले. आमचा सिस्टिम अ‍ॅडमिन तेवढा वडापाव हातात धरून विचारात पडला होता.

गुरुवारी, २८ तारखेला, सर्व्हर पडला.

त्या दिवशी वैतागलेल्या सव्वाशे माणसांत तो एकटाच खूश दिसत होता. जेवताना त्याने मला समजावलं, “सोमवारचा काही संबंधच नाहीये. रीस्टार्ट केल्यापासून बरोबर सात दिवसांनी पडतो. आधी सोमवारी रीस्टार्ट व्हायचा, म्हणून सोमवारी पडायचा. रॅम टाकायला गुरुवारी बंद केला, म्हणून आता गुरुवारी. याच्या आत कुठेतरी घड्याळ आहे.”

अर्थात ‘घड्याळ आहे’ हे उत्तर मॅनेजमेंटला चालत नसतं.

टॉनिकचा ओव्हरडोस

रॅमची चिप स्वतःच खराब असू शकते, म्हणून त्याने आधी ती तपासली. त्यासाठी मेमटेस्टसारखे प्रोग्रॅम असतात. ते रात्रभर मेमरीच्या प्रत्येक घरात आकडे लिहून परत वाचून बघतात. रिपोर्ट स्वच्छ आला. त्याला तो येणार हे माहीत होतं. त्याचं म्हणणं सोपं होतं: खराब चिप वेळ पाळत नाही. ती आज सकाळी दगा देईल, मग तीन आठवडे देणार नाही. जो बिघाड वेळ पाळतो, तो काहीतरी मोजत असतो. काहीतरी भरतंय किंवा काहीतरी संपतंय.

खराब चिपा ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे बरं का. २००९ मध्ये ब्यांका श्रोडर आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी गुगलच्या सर्व्हर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात जवळपास एक तृतीयांश मशीन्समध्ये मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. म्हणूनच सर्व्हरमध्ये चुका पकडून दुरुस्त करणारी, ‘ईसीसी’ जातीची रॅम घालतात. पण आमचा आजार तो नव्हता.

मग बाहेरून एक कन्सल्टंट आले. त्यांनी लॉगमध्ये ‘मेमरी’ हा शब्द पाहिला आणि ६ मार्चच्या गुरुवारी, नुकताच पडलेला सर्व्हर उठवताना, ‘थ्री-जीबी’ नावाचा एक स्विच चालू करून दिला. अ‍ॅडमिनने ‘हे करू नका’ अशी मेल टाकली होती. ती कुणी वाचली नाही. सर्व्हर शनिवारीच पडला आणि ऑफिसला ते सोमवारी कळलं. त्यानंतर तो दर दोन दिवसांनी पडायला लागला!

इथे थोडं गणित. घाबरू नका, आठवीचं आहे. आमच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००३ होतं, ३२ बिटांचं. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४ जीबीचे पत्ते लिहिता येतात. २ चा ३२ वा घात काढून बघा. त्यातले साधारणपणे २ जीबी प्रोग्रॅम्ससाठी आणि २ जीबी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी राखलेले असतात. कर्नल आपल्या हिश्श्यातला एक तुकडा रोजच्या देवाणघेवाणीसाठी बाजूला ठेवतो. त्याला म्हणतात पूल. कोणती फाइल कुणी उघडली, कुणी लॉक केली, असल्या चिठ्ठ्याचपाट्या त्यात राहतात. आमच्या मशीनवर हा पूल सुमारे ३४० एमबीचा होता. तो भरला की कर्नल म्हणतो, जागा नाही. म्हणजे मेसेजमधलं ‘स्टोरेज’ हार्ड डिस्कचं नव्हतंच, या छोट्याशा पुलाचं होतं.

आता बघा. तुम्ही रॅम दुप्पट केलीत, तरी पुलाची मर्यादा जागच्या जागी. आणि ‘थ्री-जीबी’ स्विच काय करतो? प्रोग्रॅम्सना ३ जीबी देतो, म्हणजे कर्नलच्या ताटातला अर्धा घास काढून घेतो. आमचा पूल १६० एमबीवर आला. आजारी माणसाला टॉनिक म्हणून त्याचंच रक्त काढून पाजावं, तसा हा इलाज.

अ‍ॅडमिनने तात्पुरती सोय म्हणून रोज रात्री नऊला आपोआप रीस्टार्ट लावून दिला. त्याने सर्व्हर पडायचा थांबला, पण मार्च एंडला रात्री नऊला कोण घरी जातं? अकाउंट्सची माणसं अकरा-अकरापर्यंत बसलेली. बरोबर नऊला उघडलेल्या फाइल्स तुटायच्या आणि शिव्या अ‍ॅडमिनला बसायच्या. वर नव्या सर्व्हरचं साडेतीन लाखांचं कोटेशन आलं होतं. आणि एचआरने त्याच्या जागेसाठी दोन मुलाखती लावल्या होत्या. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

चलो कुडपण

तो मूळचा कुडपणचा. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या सीमांजवळ, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वसलेलं पोलादपूर तालुक्यातलं हे गाव. ट्रेकर मंडळींना ते पावसाळ्यातल्या धबधब्यासाठी आणि ‘भीमाची काठी’ नावाच्या सुळक्यासाठी ठाऊक आहे. कोकणातला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार म्हणजे जाणार. त्याची रजा जानेवारीतच मंजूर झालेली. त्या वर्षी २१ मार्चला होळी आणि त्याच दिवशी गुड फ्रायडे, पुढे शनिवार-रविवार. असला लाँग वीकएंड कोण सोडतो? आम्ही चौघांनी त्याच्याकडे जायचं ठरवलं होतं. तो १९ तारखेला पुढे गेला आणि जाताना मला म्हणाला, “येताना एक काम कर. सर्व्हरवर ‘लॉग’ नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या फेब्रुवारी शेवट ते ६ मार्चच्या फाइल्सची प्रिंट घेऊन ये. इथे रोज पन्नास जणांचे प्रिंटर आणि पासवर्ड करता करता ते वाचायला वेळच मिळाला नाही.”

पनवेल, पेण, माणगाव, महाड करत पोलादपूर गाठलं आणि तिथून जीपने डोंगरात शिरलो. बॅगेत सनस्क्रीन, कॅमेरा आणि दोन इंच जाडीचा कागदांचा गठ्ठा! मार्चमध्ये धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ होता, पण हवेत मुंबईचा मागमूस नव्हता. रात्री होळी पेटली, बोंबा मारून घसे बसले, पुरणपोळीवर यथेच्छ ताव मारला. फोन खिशात मेलेला. तो जिवंत करायचा तर गावाबाहेरच्या एका वळणापर्यंत चालत जावं लागायचं. खरं सांगू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या ओटीवर गठ्ठा उघडला. त्याआधी मी त्याला मुलाखतींचं सांगून टाकलं. हे पोटात ठेवून त्याच्या आईच्या हातचं जेवण घशाखाली उतरेना. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पेन आहे का?”

नेली, आणली, बाकी

कागदांवर काय होतं? ‘पूलमॉन’ नावाचं एक छोटं टूल त्याने दर तासाला चालू राहील असं लावून ठेवलं होतं. ते पुलाचा हिशेब छापतं. पुलातून जागा मागणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला आपल्या मागणीवर चार अक्षरांचं नाव टाकावं लागतं. त्याला टॅग म्हणतात. टॅगच्या पुढे रकाने: किती वेळा जागा घेतली, किती वेळा परत केली, बाकी किती. अशा शेकडो ओळी, दर तासाला, सात दिवस.

मी बावरून बघत होते. त्याची आई बाजूला तांदूळ निवडत होती. मी विचारलं, “काकू, तुम्हाला कळतंय का काही?” त्या म्हणाल्या, “काय लिवलंय ते तरी सांग.” मी सांगितलं: कुणी किती नेलं, किती परत आणलं, किती राहिलं. त्या हसल्या. “म्हंजे मंडळाच्या भांड्यांची वही की!”

गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. लग्नकार्याला लागणारे मोठे टोप, पराती, पातेली वाडीच्या मंडळाची असतात. ज्याच्या घरी कार्य, तो नेतो. वहीत लिहून ठेवतात: अमक्याने चार टोप नेले, चार आणले, बाकी शून्य. भांड्यांवर नाव घातलेलं असतं, म्हणून कुणाचं कुणाकडे गेलं ते कळतं. आणि ऐन लग्नसराईत कोठीत एकही टोप उरला नाही, तर भांडी कमी आहेत म्हणून नवीन विकत आणायची नसतात. आधी वही उघडायची असते. एखादं घर दर वेळी चार नेतं आणि तीन परत करतं. एकदा लक्षात येत नाही. दहा लग्नांनंतर कोठी रिकामी होते.

संगणकाच्या भाषेत याला ‘मेमरी लीक’ म्हणतात, मेमरीची गळती. जागा कुठे वाहून जात नाही. घेणारा परत द्यायचं विसरतो, एवढंच. आणि रीस्टार्ट म्हणजे काय? सगळ्या घरांतून सगळी भांडी गोळा करून कोठी पुन्हा भरायची आणि वही फाडून टाकायची. कोठी भरते, पण विसराळू घर कोणतं ते कधीच कळत नाही. आमच्या ऑफिसने दीड महिना नेमकं हेच चालवलं होतं.

रात्री अकरा ते तीन

आम्ही ‘बाकी’चा रकाना धरला. बहुतेक टॅग्जची बाकी दिवसा वाढायची आणि संध्याकाळी लोक घरी गेले की उतरायची. धडधाकट माणसाची नाडी चालावी तशी. एक टॅग मात्र फक्त चढत होता. त्याने पेनने गोल केला आणि रोजचा आकडा मला वहीत उतरवायला लावला. दिवसा तो थोडाथोडा सरकायचा. पण रात्री अकरा ते तीनच्या दरम्यान, ऑफिसला कुलूप असताना, बाकी एका दमात पाच लाखांनी उडी मारायची. दर रात्री. शनिवारी आणि रविवारीही.

रात्री अकराला ऑफिसात कोण जागं असतं? बॅकअप! तो रोज सर्व्हरवरची प्रत्येक फाइल उघडून टेपवर कॉपी करतो. आणि आमच्या सर्व्हरवर फाइल्स होत्या सुमारे पाच लाख.

एका मागणीचा आकार कागदावर छापलेलाच होता, ६४ बाइट. एवढ्या जागेत आपलं नाव-गाव मावेल, बस्स. पण पाच लाख गुणिले ६४ म्हणजे ३ कोटी २० लाख बाइट, एका रात्रीत साधारण ३२ एमबी. सात रात्रींचे २२४. पाच कामाच्या दिवसांचे रोज पाचेक धरले तर आणखी २५. एकूण २४९. पुलाची मर्यादा ३४०, त्यातले ९० रीस्टार्टनंतर लगेचच वापरात. उरले २५०. सात दिवसांनी पूल काठोकाठ! पूल १६० वर आणला की उरतात ७०, म्हणजे दोन रात्री. सोमवार, गुरुवार, दोन दिवसांचं दुखणं, सगळं एका बेरजेत बसलं. ओटीवर शांतता. काकू म्हणाल्या, “गावलं का घर?”

घर अजून गावायचं होतं. बॅकअप तर फक्त फाइल उघडत होता, जागा मागणारा टॅग त्याचा नव्हता. तो सुट्टीवर बुधवारपर्यंत राहणार होता. त्याने माझ्या वहीच्या पानावर दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्समध्ये ती चार अक्षरं शोधायची एका ओळीची कमांड. दोन, कुणावर आरोप करायच्या आधी करायचा प्रयोग.

सोमवारी मी कमांड चालवली. चार अक्षरं एकाच फाइलमध्ये सापडली: अँटिव्हायरसचा ड्रायव्हर. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नवीन व्हर्जन टाकलं होतं, त्यातला. त्याचं काम वॉचमनचं. प्रत्येक उघडणारी फाइल तपासायची, त्यासाठी एक चिठ्ठी लिहायची आणि काम झालं की ती फाडायची. हा चिठ्ठी लिहीत होता, फाडत नव्हता. मग प्रयोग. दहा हजार छोट्या फाइल्सचं एक फोल्डर बनवून सगळ्या एकदा उघडल्या. बाकी वाढली दहा हजारांनी. पुन्हा उघडल्या, पुन्हा दहा हजार. अँटिव्हायरस नसलेल्या एका सुट्या मशीनवर तेच केलं, बाकी शून्य. कोर्टात टिकेल असा पुरावा!

अँटिव्हायरसवाल्यांच्या हेल्पलाइनचा पहिला सल्ला होता, रॅम वाढवा. आम्ही दोन पानी तक्ता पाठवला. बुधवारी सुधारलेला ड्रायव्हर आला. अ‍ॅडमिनही त्याच दिवशी परतला. त्याने रात्री ड्रायव्हर बदलला, ‘थ्री-जीबी’ काढला, नऊचा रीस्टार्ट बंद केला. ३१ मार्चला अख्खं ऑफिस मध्यरात्रीपर्यंत बसलं आणि सर्व्हर हलला नाही. साडेतीन लाखांचं कोटेशन फाइलला लागलं. मुलाखतींचं पुढे काही झालं नाही. ‘थँक यू’ची मेल आली ती कन्सल्टंटना, पण ते आपण ऑफिसात काम करत असल्यामुळे समजून घेऊ.

आपण एकटे नाही

अशी गळती फक्त आमच्यासारख्या गल्लीतल्या ऑफिसात होते असं समजू नका. २२ ऑक्टोबर २०१२ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा भाग ढेपाळला आणि रेडिट, फोरस्क्वेअर, पिंटरेस्टसारख्या साइट्स अडकल्या. कारण वाचून मला काकूंची वही आठवली. माहिती गोळा करणारं एक मशीन बिघडलं, म्हणून ते बदललं. नव्याचा पत्ता सगळीकडे नीट पोचला नाही. काही स्टोरेज सर्व्हर जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिले आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडी मेमरी अडकत गेली. हे सर्व्हर एरवीही बरीचशी मेमरी वापरात ठेवतात, त्यामुळे धोक्याची घंटा वाजलीच नाही.

त्याआधी, जानेवारी २००४ मध्ये, नासाची ‘स्पिरिट’ गाडी मंगळावर उतरली आणि तीन आठवडे व्हायच्या आत, २१ तारखेला, गप्प झाली. पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. तिच्या फ्लॅश मेमरीत प्रवासापासूनच्या इतक्या फाइल्स साठल्या होत्या की त्यांची यादी रॅममध्ये मावेना. दर रीस्टार्टला ती यादी वाचायला जायची आणि तिथेच कोसळायची. इंजिनीयरांनी इथून कोट्यवधी किलोमीटरवर निरोप धाडला: फ्लॅशकडे बघू नकोस, तशीच चालू हो. मग जादा फाइल्स उडवल्या, फ्लॅश फॉरमॅट केली. ९० दिवसांसाठी गेलेल्या त्या गाडीचा शेवटचा निरोप मार्च २०१० मध्ये आला! रोगावर इलाज झाला की आयुष्य असं वाढतं.

आणि स्टोरेज रुसलं तर काय होतं ते मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ ला पाहिलं. सकाळी ११.४० ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. तिथे मेमरीची गळती नव्हती. टेलिकॉमच्या लाइन्स डळमळल्या आणि पाठोपाठ स्टोरेजचं नेटवर्क सर्व्हर्सच्या हाताला लागेना. पण बीकेसीतल्या एका कपाटाचं दार उघडेना म्हणून देशभरचे ट्रेडर चार तास हात चोळत बसले.

मोठं कपाट, मोठी झोप

आज ३२ बिटांचे सर्व्हर इतिहासजमा झालेत. विंडोज सर्व्हर २००३ चा सपोर्टही १४ जुलै २०१५ ला संपला. ६४ बिटांत पत्त्यांची टंचाई नाही, पूल अवाढव्य. मग प्रश्न मिटला? उलट! आमचा पूल लहान होता म्हणून आठवड्यात बोंब झाली आणि चोर सापडला. तीच गळती आजच्या मशीनवर महिनोन्‌महिने दिसणार नाही. दिसेल तेव्हा ड्रायव्हर कुणी, कधी टाकला हे आठवणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असेल. लिनक्सवर तर मेमरी अगदीच संपली की कर्नल स्वतःच एखादा प्रोग्रॅम निवडून त्याला मारून टाकतो. मरतो तो बहुतेकदा सगळ्यात जाडा, चोर असेलच असं नाही. ऑफिसातही असंच होतं, नाही का?

घरी फोटो आणि सिनेमांसाठी छोटा स्टोरेज बॉक्स घेणारे आता आपल्यातही बरेच आहेत. तोही फाइल सर्व्हरच. तो दर थोड्या दिवसांनी रुसत असेल, तर त्यालाही हेच लागू.

तुमचा सर्व्हर वेळ पाळतो का?

• कॅलेंडरवर लिहा. फक्त पडल्याची नाही, शेवटच्या रीस्टार्टचीही तारीख. दोन्हींतलं अंतर सारखं येत असेल तर गळतीचा संशय घ्या. अंतर वेडंवाकडं असेल तर आधी चिप, वायर आणि वीज बघा.

• मेसेज पूर्ण वाचा. ‘जागा नाही’ म्हणजे कोणती जागा? डिस्क, रॅम आणि पूल, तिन्ही वेगळे.

• एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, स्विच आणि अपडेट एकाच दिवशी केलंत, तर बरं कशाने झालं ते कधीच कळणार नाही.

• पहिल्यांदा पडला त्याच्या आदल्या पंधरवड्यात नवीन काय टाकलं, ते विचारा.

• रीस्टार्ट करायला हरकत नाही, पण करायच्या आधी हिशेब छापून घ्या. पुरावा रीस्टार्टमध्येच पुसला जातो.

• आणि तुमच्या अ‍ॅडमिनला प्रिंटरच्या शाईतून अधूनमधून अर्धा दिवस सुट्टी द्या. वही वाचायला निवांतपणा लागतो. रेंज नसलेलं गाव मिळालं, तर उत्तमच!